सणांचे सगेसोयरे (भाग ७) : हॅलोविन आणि नाशिकचे वीर

ऑक्टोबर संपत आला की नाशिकमधल्या काही शाळांतून घरी निरोप येतो : मुलाला भुताचा नाहीतर चेटकिणीचा वेष करून पाठवा. नव्या सोसायट्यांत पोरंटोरं तोंडं रंगवून दारोदार चॉकलेटं मागत हिंडतात. ‘हे खूळ आपल्याकडे कशाला?’ असा प्रश्न मग घरातली थोरली माणसं हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर देण्याआधी हा सण मुळात काय आहे ते पाहायला हवं.

त्याचं मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडे सापडतं. तिथल्या केल्टिक लोकांचा ‘साऊइन’ नावाचा सण सुगी संपून हिवाळा लागताना येई. गुरं डोंगरावरच्या कुरणांतून खाली आणायची, शेकोट्या पेटवायच्या. त्या रात्री मेलेली माणसं आपल्या घराकडे येतात, अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्माने १ नोव्हेंबर सर्व संतांना आणि २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांना दिला आणि आदली रात्र, ३१ ऑक्टोबरची, हॅलोविन म्हणून राहिली. इंग्लंडात या दिवसांत गोरगरीब दारोदार जात, त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करत आणि बदल्यात त्यांना गोड पाव मिळे. चॉकलेटं मागत फिरण्याच्या रिवाजाचा एक धागा तिथपर्यंत जातो. आयर्लंडमध्ये सलगम कोरून आत दिवा ठेवत. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसं अमेरिकेला गेली, तिथे त्यांना भोपळा सापडला. बाजार आला तो नंतर.

म्हणजे सणाच्या गाभ्याशी आहेत गेलेली माणसं. आणि गेलेल्या माणसांशी नाशिकचं नातं किती जुनं आहे! रामाने दशरथाचं श्राद्ध इथेच केलं, अशी श्रद्धा आहे. पितृपक्षात रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसते. इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये गावोगावच्या यजमानांच्या पिढ्यान् पिढ्या लिहिलेल्या आहेत. पणजोबांचं नाव घरात कुणाला आठवत नसेल, तर ते या वह्यांत सापडू शकतं.

पण वेष, मिरवणूक, लहान मुलं आणि मृतांची आठवण हे सगळं एकत्र पाहायचं असेल, तर नाशिकला धुळवडीच्या दिवशी यावं. गावोगाव त्या दिवशी रंग उडत असतो. नाशिकचा रंग मात्र रंगपंचमीचा. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे मोठे हौद, तेव्हा उघडतात. धुळवड इथे वीरांची असते.

लढाईत किंवा अकाली गेलेल्या पूर्वजांचे टाक जुन्या नाशिकच्या अनेक घरांत देव्हाऱ्यात असतात. टाक म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेली छोटी मूर्ती. धुळवडीच्या दुपारी हे टाक घेऊन घरची माणसं वाजतगाजत गोदावरीवर जातात, वीरांना स्नान घालतात आणि नाचवत परत आणतात. सोबत नटलेली मुलं असतात : कुणी खंडेराव, कुणी राम, कुणी कृष्ण, कुणी शिवाजी महाराज. जुन्या गल्ल्यांतून घाटाकडे उतरणारी ही गर्दी पाहिली की लक्षात येतं, इथे कुणी कुणाला घाबरवत नाही. पूर्वजाला हातात घेऊन मूल नाचतं आहे.

यातला सर्वांत मानाचा दाजीबा वीर, म्हणजेच बाशिंगे वीर. त्याची कथा अशी सांगतात : दिंडोरीजवळच्या जानोरीचा, खंडेरावाचा भक्त असलेला हा तरुण अंगाला हळद लागलेली असतानाच मारला गेला. लग्न राहून गेलं. म्हणून त्याचं रूप घेणारा माणूस डोक्याला बाशिंग बांधून, दागिने घालून नवरदेवासारखा निघतो. बायका त्याला ओवाळतात, लग्न जुळावं म्हणून नवस बोलतात. दुःखाने संपलेल्या एका आयुष्याची राहिलेली वरात सगळं गाव दरवर्षी काढतं. मला तरी याहून मायेची दुसरी चाल आपल्या सणांत दिसलेली नाही.

भीतीचा भागही आपल्याकडे आहेच. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर आणि पलीकडे जव्हार-मोखाड्यात होळीनंतर बोहाडा होतो. संबळ-सनईच्या तालावर, रात्रभर, लाकडी नाहीतर कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून सोंगं नाचतात. त्राटिका येते, आग्यावेताळ येतो, नरसिंह येतो. आग्यावेताळ पाहिलेल्या मुलाला प्लास्टिकच्या मुखवट्याचं काय अप्रूप?

म्हणून हॅलोविन बंद करा, असं मी म्हणणार नाही. मुलांना वेष करायला आवडतं, ते करू द्यावं. शाळांनी मात्र त्या दिवशी बोहाड्याच्या एखाद्या कलावंताला रीतसर मानधन देऊन बोलवावं आणि मुलांच्या हाताने कागदाचे मुखवटे करून घ्यावेत. विकतच्या पोशाखाचा खर्च तरी वाचेल. आणि जुन्या नाशकातल्या वाचकांना एक विनंती. वाडे पडत आहेत, कुटुंबं पांगत आहेत. आपल्या देव्हाऱ्यातला वीराचा टाक कुणाचा, तो कसा गेला, हे घरातल्या थोरांना याच आठवड्यात विचारा आणि वहीत लिहून ठेवा.