पाचपैकी किती? हे अप्रेझल नव्हे, बॉस!

‘हा चालेल ना?’ सेरेब्रल पाल्सी हे नाव कानावर पडलं की आई-बाबांचा पहिला प्रश्न हाच. आणि फाइलवर लिहून काय मिळतं? ‘स्पास्टिक डायप्लेजिया’! घरी येऊन नेटवर सर्च मारला की टेन्शन डबल. तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधल्या कलीगच्या, नाहीतर तुमच्याच ताईच्या घरी हे चाललेलं असू शकतं. तेव्हा या जड शब्दांचा फंडा एकदा समजून घ्याच.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे जन्माआधी, जन्मताना किंवा अगदी तान्हेपणी मेंदूला झालेली इजा. ती इजा पुढे वाढत नाही. पण मूल वाढतं, हाडं लांब होतात, ताठ स्नायू मागे पडतात आणि त्रास बदलत जातो. स्नायू ताठ असतील तर स्पास्टिक, बहुतेक मुलं यातलीच. मनात नसताना हालचाली होत असतील तर डिस्कायनेटिक, तोल जात असेल तर अटॅक्सिक. शरीराची एकच बाजू म्हणजे हेमिप्लेजिया, मुख्यतः पाय म्हणजे डायप्लेजिया, चारही हातपाय म्हणजे क्वाड्रिप्लेजिया. ओके, पण यात ‘चालेल का’चं उत्तर कुठंय? डायप्लेजियाचं एक मूल पळतं, दुसऱ्याला वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नाही.

ही अडचण ओळखून रॉबर्ट पॅलिसानो आणि कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली पाच लेव्हल्स आणल्या. नाव लांबलचक, शॉर्टमध्ये जीएमएफसीएस. सात-आठ वर्षांचं नाशिकचं मूल डोळ्यांसमोर आणा. लेव्हल १ असेल तर पांडवलेणीच्या पायऱ्या काही न धरता चढेल, फक्त वेग आणि तोल जरा कमी. लेव्हल २ला कठडा लागेल, रविवार कारंजाच्या गर्दीत कुणाचा तरी हातही. लेव्हल ३ शाळेच्या व्हरांड्यात वॉकर घेऊन चालेल, पण गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चक्कर मारायची तर व्हीलचेअर. लेव्हल ४ला बहुतेक ठिकाणी व्हीलचेअरच, कुणी ढकलायची किंवा बॅटरीवरची. लेव्हल ५ला मान आणि धड सावरायलाही आधार.

बघायचं ते मूल रोज काय करतं ते. ‘काकांना चालून दाखव बरं’ म्हटल्यावर टाकलेली चार पावलं इथे धरत नाहीत! आणि इथे दरवर्षी प्रमोशनही नाही. दोन वर्षांच्या वयानंतर ठरलेली लेव्हल बहुतेक मुलांची तीच राहते. ऐकायला कठोर वाटतं ना? मला विचाराल तर ‘गॅरंटीने चालवून दाखवतो’पेक्षा हे परवडलं. स्टेम सेलवर लाखो रुपये घालवण्याआधी तर हे माहीत हवंच. आयसीएमआरच्या २०१७च्या गाइडलाइन्समध्ये सेरेब्रल पाल्सीवरचा मान्य उपचार म्हणून ते बसत नाही.

मग थेरपी कशाला? लेव्हल कळली की टार्गेट खरं ठरतं, म्हणून. लेव्हल २ला जिने आणि ग्राउंड, लेव्हल ४ला नीट बसणं, खुर्चीतून पलंगावर सरकणं आणि मापाची खुर्ची. ऑन्टारिओतल्या ६५७ मुलांवरच्या २००२च्या अभ्यासात दिसलं, की हालचालींची जेवढी मजल गाठायची त्यातली सुमारे ९० टक्के मूल पाचव्या वर्षापर्यंत गाठतं, वरच्या लेव्हल्समध्ये त्याहूनही लवकर. ‘जरा मोठा होऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्या मावशींना हे जरूर सांगा.

लेव्हलचा बुद्धीशी संबंध मात्र जोडू नका. मुंबईच्या मालिनी चिब व्हीलचेअर वापरतात. लंडनमध्ये दोन मास्टर्स डिग्र्या घेऊन त्यांनी बुकस्टोअरमध्ये नोकरी केली आणि करंगळीने टाइप करून आत्मचरित्र लिहिलं.

राज्यभरातल्या कितीतरी फिजिओथेरपिस्टांच्या डिग्रीवर शिक्का असतो आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाचा. तेव्हा नाशिककरांनी तरी ‘लेव्हल कुठली?’ हे बिनधास्त विचारावं. सोबत खुब्याचंही विचारा. ऑस्ट्रेलियातल्या २००६च्या अभ्यासात लेव्हल १च्या एकाही मुलाचा खुबा सरकलेला नव्हता, लेव्हल ५मध्ये मात्र दहापैकी नऊ जणांचा. सुरुवातीला दुखतही नाही, त्यामुळे एक्स-रे कधी काढायचा आणि पुन्हा केव्हा, ते फाइलवर लिहूनच घ्या.