टेलाला कोण आहे?

आमच्या निमगाव केतकीत पाण्याची भाषा शेंबड्या पोरालाही येते. पाळी, फाटा, चारी, टेल. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळातला; तो बारामतीचं रान भिजवून मग इंदापुराकडं येतो. वरच्या अंगाला ज्याचं शेत तो हेडचा, शेवटाला असेल तो टेलचा. हेडवाल्याचा ऊस दुसऱ्यांदा भिजतो, तेव्हा टेलवाला चारीच्या कडेला विडी ओढत वाट बघत बसलेला असतो. आमचा पानमळा असाच शेवटाला होता. नागवेलीला ताण सोसत नाही. पाळी आठ दिवस लांबली की कळीचं पान फापड्याच्या भावानंही कुणी घेत नाही.

मी माळ्याच्या घरातला. गळ्यात तुळशीची माळ. तुकोबांची पालखी निमगावात मुक्कामाला असते तेव्हा आमच्या ओसरीवर दिंडी उतरते. असा माणूस बावीस वर्षं नगर जिल्ह्यात फादर लोकांच्या संस्थेत पाणलोटाचं काम करत होता म्हटल्यावर लोक आधी माझ्या गळ्याकडं बघतात आणि मग हळूच विचारतात, "बाटवलं नाही का तुम्हाला?" नाही बाटवलं. खोड मात्र एक लागली. कुठल्याही कामाचा नारळ फुटला की मी विचारतो, टेलाला कोण आहे?

1972 ला मी चौदा वर्षांचा होतो. विहिरीचा तळ दिसला, वेली शेवरीवरच वाळल्या आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. घरात मिलो आणि सुकडी. तिथं कामावरची जुनी माणसं बारामतीच्या मिशनच्या गव्हाच्या गोष्टी सांगायची. त्या आधीची, साठच्या दशकातली गोष्ट. बारामतीत ऑस्ट्रेलियन मिशन होतं. 'कासा' या चर्चच्या मदत संस्थेकडून गहू आणि तेल यायचं. ते फुकट वाटण्याऐवजी मजुरी म्हणून द्यायचं आणि त्यातून पाझर तलाव बांधायचे, असं ठरलं. तरुण शरद पवार त्या कामात पुढं होते. 1971 साली अप्पासाहेब पवारांनी बारामतीत कृषी विकास प्रतिष्ठान उभं केलं, त्याच्या मागं हीच वर्षं आहेत. (ही मंडळी प्रोटेस्टंट. आपल्याकडं सगळ्यांनाच 'मिशनवाले' म्हणतात, म्हणून सांगितलं.)

गहू भीक म्हणून न येता घमेल्याच्या हिशेबानं आला, ही मोठी गोष्ट. पण पाझर तलावाची एक खोड आहे. त्याचं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना जातं. ज्याची विहीर खाली, त्याचं साधलं. ज्यानं माती वाहिली, त्याला विहीरच नसेल तर त्याच्या वाट्याला गहू, तोही काम चालू असेतोवर. यात कुणाची लबाडी नाही. पाणी उताराकडंच जातं.

नगरला ही गोष्ट मला नीट कळली. तिथं हर्मन बाखर नावाचे स्विस फादर होते, येशूसंघाचे. 1940 च्या दशकाच्या शेवटी ते भारतात आले आणि उतारवयापर्यंत इथंच राहिले. सोशल सेंटर ही संस्था त्यांनी साठच्या दशकात उभी केली. पुढं जर्मन मदत आणि नाबार्ड यांना जोडून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आला, आणि 1993 साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत त्यांनी 'वॉटर' ही संस्था काढली. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी त्यातूनच नावारूपाला आलं. कामाची रीत साधी होती. माथ्यापासून सुरुवात. आधी डोंगरावर सलग समतल चर, मग ओघळींना दगडी बांध, शेवटी खाली नाल्यावर मातीचा बांध. आणि यातलं काहीही करण्याआधी ग्रामसभा. गावानं श्रमदान कबूल करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी कबूल करायची. नाही म्हटलं तर जीप परत.

मी ज्या संस्थेत होतो ती वेगळी, लहान. एका धर्मग्रामाच्या आवारात दोन खोल्यांची. धर्मग्राम म्हणजे नुसती चर्चची इमारत नव्हे. एका फादरच्या हाताखालचा तो सगळा मुलूख, दहावीस गावांचाही असू शकतो. फादर, दोनतीन सिस्टर, गावोगावचे उपदेशक मास्तर आणि लोकांमधून घेतलेली एक परिषद असा त्याचा कारभार. नगरकडच्या गावांत ख्रिस्ती घरं थोडी, बहुतेक पूर्वाश्रमीची महार-मांग समाजातली. रान असलंच तर वतनातला तुकडा. त्यामुळं फादर ज्या अंगणात चहा प्यायचे, तिथून गाव टेलाकडूनच दिसायचं. पाटलाच्या वाड्यावरून दिसणारं गाव निराळं असतं.

आमच्या सिस्टर जीपमध्ये कधीकधी पोपच्या पत्रांविषयी सांगायच्या. 1891 साली तेराव्या लिओंनी कामगारांच्या मजुरीवर आणि संघटनेवर पत्र काढलं, तिथून चर्चमध्ये या विषयाला वाट फुटली, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा रस नव्हता. 2025 मध्ये नवे पोप निवडून आले आणि त्यांनी त्याच लिओंची आठवण ठेवून चौदावे लिओ हे नाव घेतलं, ते पेपरात वाचलं तेव्हा सिस्टरांचा आवाज कानात आला. पण खरं सांगायचं तर मला शिकवलं ते पत्रानं नव्हे. एका म्हातारीनं शिकवलं.

गावाचं नाव सांगत नाही, तिथली भांडणं अजून मिटलेली नाहीत. नकाशा मी काढला होता. गट नंबर, उतार, विहिरी, लाभधारक, सगळं रंगवून. ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव आला. हात वर झाले. तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. तिची पाच शेरडं होती आणि जमीन शून्य. म्हणाली, "डोंगर तुमचा, पाणी तुमचं, आन उपास तेवढा आमचा व्हय?"

सभा गप्प. मी नकाशाकडं बघितलं. त्यात ती नव्हती. सातबारा नसलेला एकही माणूस माझ्या नकाशात नव्हता. काम माझंच होतं, चूक माझीच.

फादर मागं खाली बसलेले. ते बोलले नाहीत, आणि मला त्यांचा रागच आला. पण पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या लिंबाखाली बैठक बसली. ख्रिस्ती होते, धनगर होते, दोन मराठा शेतकरी होते, आणि ती म्हातारी. तीन रविवार नुसती भांडणं. चौथ्या रविवारी तोडगा निघाला. डोंगर एकदम बंद करायचा नाही, तीन भाग करून पाळीनं बंद करायचा. बंद भागातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क भूमिहीनांचा. रोपवाटिकेचं काम त्यांच्या बायकांना. म्हातारीनं तरी दोन शेरडं विकलीच. त्याचं दुःख तिनं मला वर्षभर ऐकवलं, रोज.

पाणी आलं, हे खरं. ते टिकलं असं मात्र म्हणता येणार नाही. चार वर्षांत वरच्या रानांत बोअर पडले आणि आम्ही जिरवलेलं पाणी मोटारींनी वर उपसून नेलं. ठरावात बोअरविषयी ओळ नव्हती. आज मी लोकांना सांगतो, चर खोदणं सोपं आहे, आधी बोअरचं लिहून घ्या.

त्या अंगणात आणखी एक गोष्ट कळली, पाण्याशी संबंध नसलेली. म्हातारीचा ख्रिस्ती नातू जातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालायचा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची ओळख फक्त हिंदूंपुरती ठेवली. 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. महाराष्ट्रात त्यांना ओबीसीत जागा आहे, पण चुलतभाऊ एका यादीत आणि हा दुसऱ्या. गावकीनं मात्र दोघांना एकाच वेशीबाहेर ठेवलेलं. चर्चवाले दरवर्षी 10 ऑगस्टला या आदेशाचा निषेध करतात. आणि हेही खरं, की चर्चच्या आतही जात सुटलेली नाही. मी स्मशानभूमीवरून झालेली कुजबुज ऐकली आहे.

वसईकडं चित्र उलटं. तिथल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांकडं वाड्या, विहिरी, केळी. पानवेलीसुद्धा, वसईचं पान म्हटलं की आम्ही निमगावकर कान टवकारतो. ती माणसं हेडची होती. बिल्डर आले, टँकर विहिरी उपसू लागले आणि बघता बघता ती टेलाला गेली. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला हरित वसई संरक्षण समिती निघाली, ख्रिस्ती आणि हिंदू एकत्र रस्त्यावर आले. 2020 च्या जानेवारीत दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मी एसटीनं गेलो होतो. त्यांची तब्येत बरी नव्हती, चाकाच्या खुर्चीत बसलेले. शेजारचा एकजण पुटपुटला, "फादर कशाला अध्यक्ष?" मी वाद घातला नाही. माळ बाहेर काढून सदऱ्यावर ठेवली फक्त. जुलै 2024 मध्ये ते गेले.

आता मी गावात असतो. पानमळा कमी केला, डाळिंब लावलं, ठिबक आहे. परवा पाण्याच्या पाळीवरून देवळात बैठक होती. मी सवयीनं विचारलं, टेलाला कोण आहे? एक पोरगा वैतागला, "काका, पाणी आधी येऊ तर द्या." त्याचंही चूक नव्हतं. यादी करायची जबाबदारी माझ्यावर टाकून सगळे उठले.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन शेवटच्या चारीकडच्या वस्तीवर गेलो. पहिल्याच दारात एक बाई भांडी घासत होती. मी वही उघडली, रकाने आधीच आखलेले होते. पहिला रकाना गट नंबरचा. तोंडातून "सातबारा..." एवढं निघालं आणि मी जीभ चावली. "काही नाही," म्हटलं, "ताई, पाणी कुठून आणता?" तिनं हात धुतले आणि मला विहिरीकडं घेऊन निघाली.