फुलाला कुंडी, शेवाळाला मुलूख

दिवाळी आली की अंगणात मुलांचा किल्ला उभा राहतो. मग त्याच्या उतारावर हिरवळ हवी! अशा वेळी एखादा मामा डहाणू-तलासरीच्या वाटेवरून, चिकूच्या खोडावरची मऊ मखमल सोलून पिशवीतून घेऊन येतो. फुकटचे शेवाळ, त्याची कसली आली किंमत?

आता मुलांनी किल्ला शिवनेरीचा केला असेल, तर एक गंमत सांगतो. खऱ्या शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकुडी नावाची वनस्पती राहते. तांबूस-जांभळे, पिवळ्या ठिपक्यांचे चांदणीसारखे तिचे फूल! डाल्झेलने १८६५ साली तिला मुंबईचे गव्हर्नर फ्रिअर यांचे नाव दिले. ती दुर्मीळ खरी; परंतु तिचे कौतुक झाले आणि फांदीच्या तुकड्यावरून ती कुंडीतही रुजली. कड्यावरची संपली, तरी बागेत वंश राहील.

शेवाळाच्या नशिबी हे भाग्य नाही. आपल्या चिकूवरचे शेवाळ काही दुर्मीळ नव्हे. पण त्याचा एक थोरला भाऊबंद, टाकाकिया, हिमालय-तिबेटच्या उंच कड्यांवर राहतो. त्याचे कूळ सुमारे ३९ कोटी वर्षांचे! तरीही २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तिबेटमध्ये तो दरसाल सुमारे १.६ टक्क्यांनी घटताना आढळला. तिथली हवा तापते आहे ना!

शेवाळाला खरी मुळे नसतात. ते सर्वांगाने पाणी पिते. म्हणून हवेतले विषही सर्वांगाने पिते. त्याला कुंडी देऊन काय उपयोग? ओलावा आणि स्वच्छ हवा कुंडीत कशी भरणार? त्याला सारा मुलूखच राखून द्यावा लागतो.

डहाणूत नेमके तेच घडले. १९९१ साली केंद्र सरकारने अख्खा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून तिथल्या कारखानदारीला लगाम घातला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने औष्णिक वीजकेंद्राला धुरातले गंधकाचे विष काढणारी यंत्रणा बसवायला लावली. ती २००७ साली सुरू झाली. हे सारे झाले बागा, शेते आणि माणसे यांच्यासाठी. शेवाळाचे नावही कुणी घेतले नाही. पण गंधकाच्या धुराचा पहिला घाव त्याच्यावरच बसतो, म्हणून त्याचाही त्यात वाटा आहे.

तेव्हा मामा, यंदा खोडावरची मखमल खोडावरच राहू द्या. किल्ल्यावर मूठभर हळीव पेरा. चार दिवसांत शिवनेरी हिरवागार!