सुट्या पैशांचे भांडण आणि कंडक्टरचा रक्तदाब

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. एस.टी.तले एक कंडक्टर पत्नीला घेऊन दवाखान्यात आले. वय सेहेचाळीस. तक्रार डोकेदुखीची. दुपारनंतर मान भरून येते, कानशिले ठणकतात, रात्री डोळा लागत नाही, जेवण अंगी लागत नाही. "चष्म्याचा नंबर वाढला असेल का हो डॉक्टर?" असे त्यांनी स्वतःच निदान करून ठेवले होते. रक्तदाब मोजला तो १६४/१०२ भरला. पंधरा मिनिटे बाहेरच्या बाकावर शांत बसवून पुन्हा मोजला, तरी १५८/१००.

इतका वेळ गप्प असलेल्या बाई मग बोलल्या. "घरी आले की कुणाशी बोलत नाहीत. परवा धाकटीनं सहलीचे पैसे मागितले, तर यांनी पुढ्यातलं ताट भिरकावलं. पोरगी अजून यांच्यासमोर येत नाही." कंडक्टरांनी मान खाली घातली.

त्या दिवशी ड्युटीवर काय झाले होते, असे मी विचारले. आधी "काही नाही, रोजचंच" एवढेच उत्तर आले. मग हळूहळू उलगडा झाला. सुटे नव्हते म्हणून त्यांनी एका प्रवाशाचे राहिलेले पैसे रिवाजाप्रमाणे तिकिटामागे लिहून दिले. उतरताना घ्या म्हणाले. त्यावर तो गृहस्थ भरल्या गाडीत ओरडला, "तुम्ही सगळे चोरच!" चार लोक हसले. हे काहीच बोलले नाहीत, तेही हसले आणि पुढच्या सीटकडे वळले. ही सकाळी साडेनऊची गोष्ट. ताट उडाले रात्री नऊला.

मधल्या साडेअकरा तासांत त्यांच्या शरीरात काय चालले होते, ते पाहू.

शरीराला गाडी कळत नाही

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. अंगावर काही चालून आले की त्या ॲड्रिनॅलिन नावाचा स्राव रक्तात सोडतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते, यकृत साखर मोकळी करते. लढा किंवा पळा, यासाठीची ही तयारी. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात तिचे सविस्तर वर्णन केले. समोर लांडगा आहे की सुट्या पैशांवरून भांडणारा प्रवासी, हा भेद शरीराला फारसा करता येत नाही. पंचाईत अशी की कंडक्टरला लढताही येत नाही आणि चालत्या गाडीतून पळताही येत नाही. झालेली सगळी तयारी अंगातच राहते.

ॲड्रिनॅलिनचा जोर काही मिनिटांत ओसरतो. त्याच्या मागोमाग येणारे कॉर्टिसॉल मात्र सावकाश चढते आणि सावकाश उतरते. उतरायला तास-दीड तास सहज लागतो. पण तेवढ्यात पुढचा थांबा येतो. "इथं गाडी का थांबवत नाही?" म्हणून कुणी दांडा बडवतो. पंच्याहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. सवलती चांगल्याच आहेत. पण वयाचा पुरावा मागितला की "मी काय तुला पोरगी दिसते?" हे कंडक्टरनेच ऐकायचे. मोबाईलने पैसे देण्याची सोय आली, तर घाटात रेंज नाही म्हणून नवे भांडण. पहिला चढ उतरण्याआधीच दुसरा चढ येतो. आणि रात्री डेपोत हिशेब देताना रोकड कमी भरली, तर ती खिशातून घालायची, ही धास्ती वेगळीच.

आता रक्तदाबाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. एका भांडणाने कायमचा रक्तदाब जडत नाही. आनुवंशिकता, वजन, मीठ, तंबाखू, दारू, अपुरी झोप अशी त्याची अनेक कारणे असतात. शिवाय वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच सांगत नाही. या गृहस्थांची डोकेदुखी मानेच्या आखडलेल्या स्नायूंची असावी, रक्तदाब त्या निमित्ताने सापडला इतकेच. पण मनस्ताप या इतर कारणांना हाताशी धरतो. त्यांच्या वरच्या खिशात तंबाखूची पुडी होती. "किती वेळा खाता?" म्हटल्यावर ते म्हणाले, "तसं नेम नाही. कुणी टकटक केली की एक चिमूट." तंबाखूतले निकोटिन नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढवते. म्हणजे प्रवाशाने चढवलेला रक्तदाब उतरवायला हे जी चिमूट लावत होते, ती तो आणखी चढवत होती. मुक्कामाच्या गाडीवर झोप अर्धवट, जेवण अवेळी, सोबत लोणचे-पापड. सगळी गणिते एकाच बाजूला मिळत गेली.

गिळायचा की ओकायचा?

दुकानात, बँकेत, हॉटेलात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ते दोनच उपाय सांगतात. एक म्हणजे राग गिळा, हसत राहा. दुसरा म्हणजे घरी किंवा मित्रांत जाऊन मोकळे व्हा, आदळआपट करा. गंमत अशी की हे दोन्ही उपाय तपासून पाहिले गेले आहेत आणि दोन्ही लंगडे ठरले आहेत.

जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रयोग केला. माणसांना अस्वस्थ करणारी चित्रफीत दाखवली आणि काहींना सांगितले की चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांचे चेहरे शांत राहिले. पण हाताला सुटणारा घाम आणि बोटांतल्या रक्तवाहिन्यांचे आकुंचन, या आतल्या खुणा मात्र वाढल्या. उलट बाजूने, २००२ साली ब्रॅड बुशमन यांनी राग आलेल्या विद्यार्थ्यांना, राग आणणाऱ्याची आठवण काढत पिशवीवर ठोसे मारायला लावले. हे ठोसे मारणारे, नुसते गप्प बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त रागावलेले निघाले. म्हणजे ताट भिरकावून राग बाहेर पडत नाही, त्याला आणखी वारा लागतो. आणि ताट लागते ते ज्याचा काही दोष नाही त्याला.

हसतमुख राहणे हेही कामच आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून त्याला 'भावनिक श्रम' असे नाव दिले. पोती उचलणाऱ्याची पाठ दुखली तर आपल्याला नवल वाटत नाही. दिवसभर अपमान उचलणाऱ्याचे पोट आणि मान दुखली तर मात्र आपण त्याला नाजूक म्हणतो.

मग करायचे काय? आमच्या कंडक्टरांना मी गोळी सुरू केली, पण ती वेगवेगळ्या दिवशी आणखी दोनदा रक्तदाब मोजून, तो १४०/९० च्या बराच वर आहे याची खात्री झाल्यावर. मीठ आणि तंबाखूचे बोलणे झाले. आणि गाडीतल्या भांडणाची आम्ही चक्क तालीम केली. मी प्रवासी झालो.

पहिली गोष्ट श्वासाची. समोरचा चढा बोलला की आपला श्वास छातीत अडकतो. उत्तर देण्याआधी एकदा सावकाश श्वास सोडायचा, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. लांब सोडलेल्या श्वासाने नाडी मंदावते, हे मनगटावर बोट ठेवून कुणालाही पाहता येईल. तिकीट फाडता फाडता हे होते, कुणाला कळतही नाही.

दुसरी आवाजाची. तो जितका वर जाईल तितके आपण खाली यायचे. बारीक आवाज ऐकायचा तर समोरच्याला गप्प व्हावे लागते.

तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बहुतेक माणसे ओरडतात, कारण आपले कुणी ऐकलेच नाही असे त्यांना वाटते. म्हणून त्यांची अडचण त्यांनाच एकदा परत सांगायची. "काका, तुमचे पैसे राहिलेत, विसरलो नाही. पुढच्या थांब्यावर सुटे होतील, आधी तुम्हाला देतो." 'नियम आहे', 'मी काय करू' ही वाक्ये सुरुवातीला नकोत. ती खरी असतात, पण आगीत रॉकेल ओततात. आधी काय होऊ शकते ते सांगावे, काय होणार नाही ते नंतर.

"आणि चोर म्हणाला तर?" कंडक्टरांनी विचारले. प्रश्न रास्त होता. तो माणूस खाकी गणवेशाशी भांडतो, तुमच्याशी नाही, असे मी म्हणालो. ते त्यांना फारसे पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पूर्ण पटलेले नाही. शब्द लागतातच. पण ऐकून घेण्याला मर्यादा आहे. "रागावलात ते समजतं, पण शिवी देऊ नका" हे एकदा शांतपणे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणावे. बहुतेक वेळा गाडीतलेच दोघेतिघे आपली बाजू घेतात. अंगावर हात आला तर मात्र समजूत घालत बसू नये, गाडी सरळ पोलीस ठाण्याला न्यावी. एस.टी.चे कर्मचारी ड्युटीवर लोकसेवक असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ प्रमाणे, कामात अडथळा आणण्यासाठी लोकसेवकावर हल्ला करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कापडाच्या दुकानातल्या पोराला हे कलम लागू नाही. त्याच्या मदतीला मालकानेच उठून यायला हवे.

शेवटची फेरी संपली की लगेच घरी जाऊ नये, असेही ठरले. डेपोपासून घर दीड किलोमीटर आहे. ते अंतर रिक्षाने न जाता पायी जायचे. लढण्यासाठी तयार झालेल्या स्नायूंना तेवढे काम मिळते. लंडनच्या बसमधल्या कर्मचाऱ्यांवर जेरी मॉरिस यांचा अभ्यास १९५३ साली गाजला होता. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. भांडणे त्या बसमध्येही होत असतीलच! घरी गेल्यावर बायकोला "आज एकाने चोर म्हटलं" एवढे एक वाक्य सांगायचे आणि मग जेवायचे.

झोप आठवडेच्या आठवडे उडाली, कामावर जायच्या विचारानेच पोटात गोळा येऊ लागला, जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र श्वासावर भागत नाही. डॉक्टरांना भेटावे. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते.

माझ्या दारातली गोष्ट

हे सगळे शहाणपण मी कंडक्टरांना सांगत होतो तेव्हा दाराबाहेर नंबर लावणाऱ्या आमच्या ताईंवर कुणीतरी खेकसत होते. तेच गृहस्थ पाच मिनिटांनी आत आले आणि "नमस्कार डॉक्टरसाहेब" म्हणून हात जोडून बसले. हे वर्षानुवर्षे चालले होते आणि मी ते ताईंच्या स्वभावावर ढकलत होतो. त्या संध्याकाळी औषधांचे कपाट लावताना ध्यानात आले की पित्ताच्या गोळ्यांची पाकिटे फार लवकर संपतात. ताईंना विचारले. त्या ओशाळून म्हणाल्या, "दुपारी जळजळतं फार. पगारातून कापून घ्या."

पाटीवर वेळ दहाची होती आणि मी येत होतो साडेदहा-पावणेअकराला. त्या पाऊण तासाचा राग रोज त्या झेलत होत्या. रोग्यांचेही काय चुकले? उपाशीपोटी, ताप अंगात घेऊन, कडेवर पोर घेऊन माणूस उभा असतो.

पाटी बदलून साडेदहाची केली. बाहेर आणखी दोन बाके टाकली. आत कितवा नंबर चालू आहे ते खडूने फळ्यावर लिहायला लागलो. भांडणे थांबली नाहीत, पण बाजाराच्या दिवसाखेरीज फारशी होत नाहीत. बाजाराच्या दिवशी अकराच्या सुमाराला ताई दहा मिनिटे आत जाऊन चहा घेतात आणि तेवढा वेळ बाहेर कंपाउंडर बसतो. पित्ताची पाकिटे आता महिनाभर पुरतात.

कंडक्टरांचा रक्तदाब परवा १३४/८६ होता. गोळी चालूच आहे, ती मनाने बंद करायची नाही असे त्यांना बजावले आहे. तंबाखू निम्म्यावर आली आहे, सुटलेली नाही. धाकटी सोबत आली होती. वजनकाट्यावर दोनदा उभी राहिली.