जट निघाली, आता केस सांभाळा

जट म्हणजे देवीचे बोलावणे नव्हे. तेल-फणी न लागल्याने गुंतून चिकटलेले केस. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बायांची समजूत घालून जट कापतात. मानेवरचे ओझे उतरते. पण उरलेल्या आखूड केसांचे काय?

भगिनींनो, न्हाल्यावर डोके खसाखसा पुसू नका. जुन्या सुती लुगड्याने टिपून घ्या. चुलीच्या धगीला नको, वाऱ्यावर वाळवा. केस ओलसर असतानाच भांग पाडा, म्हणजे नीट बसतात. रुंद दात्यांच्या कंगव्याने टोकाकडून गुंता सोडवत वर जा. ओल्या डोक्यावर पदर घेऊ नका. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. वर्षभरात छोटी वेणी येईल. देवीचा कोप काही झाला नाही, हे तोवर शेजारणीही बघतीलच!