गाळातून आलेल्या गाडीची वायरिंग

नाला, चिखल किंवा खडकाळ वाट पार करून आलेल्या गाडीचे दिवे लुकलुकू लागले, सेल्फ ओढेनासा झाला, की पहिला संशय महागड्या भागांवर जातो. बॅटरी बसली, डायनामो गेला, सेल्फ जळाला, असे निदान गाडीचे बॉनेट उघडण्याआधीच होते. खरे तर अशा वेळी बराचसा दोष या भागांना जोडणाऱ्या वाटेत असतो: सैल टर्मिनल, गंजलेले अर्थिंग, पाणी शिरलेला कपलर, चासीच्या कडेवर घासून सोललेली वायर. जोड न पाहता भाग बदलला, तर पैसे जातात आणि बिघाड तसाच राहतो.

धुळ्याच्या उत्तरेला महामार्गावर वसलेल्या सोनगीरच्या परिसरात या बिघाडाला दोन कारणे आयती मिळतात. उन्हाळ्यात शिवारातल्या वाटांवर फुफाटा असतो, पावसाळ्यात काळी माती. ही माती पाणी धरून ठेवते. चासीखाली चिकटलेला तिचा गोळा आतून दिवसचे दिवस ओला राहतो, आणि वाळला की दगडासारखा घट्ट होऊन वायर ताणतो. शेतात जाणारी बोलेरो किंवा पिकअप असो, नाहीतर साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांकडे जाणारी दुरुस्तीची जीप, त्रास सारखाच.

त्यात भर पडते हादऱ्यांची. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते, त्यामुळे पुढची गोष्ट तिथे समजावून सांगावी लागणार नाही. कपलरमधली पिन बहुधा पितळेची किंवा तांब्याच्या मिश्रधातूची असते आणि तिच्यावर कथलाचा पातळ थर असतो, भांड्याच्या कल्हईसारखा. गाडी हादरत राहिली की पिन खोबणीत केसभर मागेपुढे घासते, थर झिजतो आणि उघड्या धातूवर ऑक्साइड चढतो. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकते. इथे करंट अडतो. वरून पाहिले तर कपलर ठाकठीक बसलेला दिसतो, म्हणून हा दोष सहसा सापडत नाही.

पाणी आत जाते ते वेगळ्याच मार्गाने. इंजिनाजवळचे कपलर आणि सेन्सर तापलेले असतात. गाडी थंड पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या रबरी सीलमधून पाणी आत ओढले जाते. थारसाठी पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली जाते, पण ती चांगल्या स्थितीतल्या गाडीला आणि सावकाश चालवण्याला लागू. पाणी आत ढकलण्यात गाडी धुण्याचा प्रेशर पंपही मागे नसतो. कपलर, फ्यूजबॉक्स आणि डायनामोवर त्याची धार थेट मारू नये.

तपासणी बॅटरीपासून सुरू करावी. तिचा क्लॅम्प घट्ट आहे का, टर्मिनल हाताने फिरते का, हे आधी पाहावे. मल्टिमीटरवर काही तास विसावलेली, पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.४ दरम्यान हवा. नव्या गाड्यांत मात्र संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो. इंजिन चालू असूनही आकडा १२ च्या आसपास रेंगाळला, तर डायनामोचा पट्टा, त्याच्या मागचा कपलर आणि चिखलाने भरलेले ब्रश या क्रमाने पाहावे.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ ढिला फिरतो, तेव्हा अर्थिंगकडे वळावे. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर बॅटरीपासून इंजिनपर्यंतच्या अर्थिंगची केबल किंवा पट्टी कुठेतरी गंजली किंवा सैल झाली आहे. मागच्या दिव्यांची खूण आणखी सोपी: ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद उजळला, तर बल्बला दोष देऊ नये, त्या दिव्याचे अर्थिंग गेले आहे. बोल्ट काढून जागा पॉलिश पेपरने चकचकीत करावी आणि पुन्हा आवळावी.

फ्यूज वारंवार उडत असेल, तर मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालण्याचा मोह आवरावा. फ्यूज असतो तो वायर जळू नये म्हणून. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअरचा. जो होता तोच पुन्हा बसवावा. शॉर्ट शोधण्याची जुनी युक्ती अजूनही उत्तम आहे. फ्यूज काढून त्याच्या दोन खोबणींत २१ वॅटचा बल्ब जोडावा आणि त्या फ्यूजवरची सगळी उपकरणे बंद ठेवावीत. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर वायर कुठेतरी चासीला टेकली आहे. मग वायरिंगचा जुडगा वीतभर, वीतभर हलवत जावे. ज्या जागी बल्ब विझेल, तिथेच सोललेली वायर सापडते. बहुतेकदा चाकाच्या कमानीत किंवा तुटलेल्या क्लिपजवळ.

एबीएसचा दिवा पेटला, तर आधी चाकांजवळचे सेन्सर आणि त्यांच्या वायरी धुऊन, पुसून पाहाव्यात. चिखलाचा लपका एवढेच कारण पुष्कळदा निघते.

ओला कपलर उघडण्याआधी निगेटिव्ह टर्मिनल काढावे, आणि ते सर्वांत शेवटी लावावे. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून कपलर वाळवावा, पिना वाकल्या नाहीत ना ते पाहावे, आणि सीलवर थोडे सिलिकॉन ग्रीस लावून टिचकी ऐकू येईपर्यंत दाबावा. इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबलींना मात्र घरी हात लावू नये.

सगळे ठीक वाटूनही दोन-तीन दिवसांनी सकाळी बॅटरी उतरलेली सापडली, तर आत राहिलेल्या ओलाव्यामुळे एखादा रिले किंवा स्विच करंट खात असतो. गाडी बंद करून अर्धा तास थांबावे आणि निगेटिव्ह वायरच्या मध्ये अँपिअर मीटर जोडावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचा करंट चालतो. त्याहून बराच जास्त असेल, तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा खाली येईल, त्याच्याच वाटेवर पाणी मुरले आहे.