खाण्याचे विकार आणि जिद्दीचे कौतुक

क्रिस्टी हेनरिच ही अमेरिकन जिम्नॅस्ट एवढी चिवट होती, की तिला ‘ई. टी.’ म्हणजे ‘एक्स्ट्रा टफ’ म्हणत. १९८८ च्या ऑलिंपिक संघातली तिची जागा ०.११८ गुणाने हुकली. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत अनइव्हन बार्सवर ती चौथी आली. बुडापेस्टच्या एका स्पर्धेत अमेरिकन परीक्षकाने तिला जाड ठरवले आणि ऑलिंपिक गाठायचे तर वजन उतरव, असे सुनावले. जुलै १९९४ मध्ये अ‍ॅनोरेक्सिया या खाण्याच्या विकारामुळे अवयव निकामी होऊन ती गेली. वय २२.

सगळा दोष त्या एका वाक्यावर टाकला जातो. वाक्य घातकच होते. पण तसे टोमणे पुष्कळ मुली ऐकतात आणि सगळ्याच आजारी पडत नाहीत. खाण्याच्या विकारांचा कल काही अंशी आनुवंशिक असतो, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसले आहे. स्वभाव, वय आणि खेळाची घडण त्यात भर घालतात.

‘सुंदर दिसण्याचे खूळ’ हा समज तर खेळाडूंवर अन्याय करणारा आहे. जिम्नॅस्टिक्स किंवा फिगर स्केटिंगमध्ये गुण परीक्षकांच्या नजरेवर ठरतात, आणि हलक्या अंगाला हवेतली गिरकी सोपी जाते. नेमके स्पर्धेच्या ऐन वयात शरीर भरू लागते. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा सौंदर्यप्रधान खेळांतल्या ४२ टक्के मुलींना खाण्याचे विकार आढळले. चेंडूच्या खेळांत हे प्रमाण १६ टक्के होते. मुलगेही सुटलेले नव्हते.

मग अचूकतेचा ध्यास वाईट का? इथे फरक करायला हवा. उत्तम उडीचा आग्रह धरणारी आणि चुकल्यावर पुन्हा करून पाहणारी मुलगी वेगळी. पाय किंचित सरकला म्हणून रात्रीचे जेवण नाकारणारी वेगळी. तिच्या लेखी चूक उडीत नसते, तिच्यात असते. धोका या दुसरीला जास्त. खेळाच्या वेडाचेही तसेच. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलेरँड यांनी २००३ मध्ये दोन प्रकार मांडले: आयुष्यात सामावणारे वेड आणि माणसाचाच ताबा घेणारे वेड. दुखऱ्या घोट्यावरही सरावाला खाडा न करणारी मुलगी दुसऱ्या प्रकारातली असू शकते, आणि हॉलमध्ये सगळ्यांत जास्त शाबासकी तिलाच मिळते. आजार लपतो तो या शाबासकीआड.

‘आजारी असती तर हडकुळी दिसली असती’ यावरही विसंबू नये. बुलिमिया या खाण्याच्या विकारात वजन बहुधा बेताचेच असते.

‘पाळी थांबली म्हणजे सराव कसून चाललाय’ हा समज सर्वांत महाग पडतो. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणे अपुरे पडले, की मेंदू पाळीची संप्रेरके आखडती घेतो. इस्ट्रोजेन घटते, आणि हाडे भक्कम व्हायच्या वयातच ती कमकुवत होऊन त्यांना तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ म्हटले आणि पुरुषांनाही त्यात धरले. पाळी थांबलेल्या मुलीला लगेच डॉक्टरांकडे न्यायला हवे.

उपचार घेतले की कारकीर्द संपली, असेही नाही. सोची ऑलिंपिकची सांघिक कांस्यपदक विजेती स्केटर ग्रेसी गोल्ड हिने २०१७ मध्ये नैराश्य आणि खाण्याच्या विकारावर उपचारांसाठी खेळ थांबवला. २०२० च्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत ती पुन्हा बर्फावर उतरली आणि बारावी आली. प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.